एकाच रुपयाची दोन छायाचित्रे आणि दोन वेगळे निकाल : शार्पनेसमुळे नाण्याची पारख बदलते का?

महाल_निवासी (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

आज सकाळी नागपूरच्या महाल भागातील आमच्या घरी नाणी जमवणाऱ्या मित्रांची बैठक झाली. चहा झाल्यावर मी लॅपटॉपवर व्हिक्टोरिया राणीच्या १८६२ सालच्या चांदीच्या रुपयाची दोन छायाचित्रे दाखवली आणि एवढेच विचारले की या दोन नाण्यांची प्रत, म्हणजे झिजेवरून ठरणारा दर्जा, काय ठरवाल. पहिल्या छायाचित्राला उपस्थित आठांपैकी सहा जणांनी ‘चलनात बराच फिरलेला, जेमतेम व्हेरी फाइन’ असे म्हटले. दुसऱ्याला त्याच सहा जणांनी वरची प्रत दिली, ‘एक्स्ट्रा फाइन, कदाचित त्याहून सरस’ असा निर्वाळा दिला, आणि एका ज्येष्ठ मित्रांनी तर दुसऱ्यासाठी दुप्पट किंमत मोजायची तयारी दाखवली. मग मी डबीतून आजोबांचा एकच रुपया काढून टेबलावर ठेवला. दोन्ही छायाचित्रे त्याचीच होती. खिडकी तीच, उजेड तोच, दोन्हींमध्ये अंतर पाच मिनिटांचे. पहिल्यात फोकस केसभर चुकला होता, दुसऱ्यात तो राणीच्या मुकुटाखालच्या केसांवर नेमका बसला होता, फरक एवढाच.

हा प्रश्न माझ्या मनात महिनाभर घोळतो आहे, त्याला एक कारण घडले. याच रुपयाच्या मागच्या बाजूचे छायाचित्र मी गेल्या महिन्यात एका गटात टाकले होते आणि टाकण्यापूर्वी संगणकावर त्याचा शार्पनेस वाढवला होता. जाणकारांना ठाऊक आहे की १८६२ हेच साल पुढे १८७४ पर्यंत रुपयावर छापले जात राहिले आणि मुंबईच्या टांकसाळीने प्रत्यक्ष वर्ष ओळखू यावे म्हणून मजकुराच्या वर व सालाच्या खाली बारीक टिंबे दिली. माझ्या छायाचित्रात सालाखाली चार टिंबे मोजून अमरावतीचे एक संग्राहक सकाळच्या गाडीने नागपूरला आले. भिंगाखाली पाहिल्यावर टिंबे तीनच निघाली. ते गृहस्थ एक शब्दही वावगा बोलले नाहीत, पण त्यांना स्टेशनवर सोडून परत येताना मला फार वाईट वाटले, कारण चौथे टिंब कुठून आले हे मला त्यांना सांगता आले नाही आणि आजही सांगता येत नाही.

म्हणून दोन गोष्टी विचारतो. छायाचित्राचा रेखीवपणा पाहणाऱ्याच्या निर्णयावर एवढा परिणाम का करतो? आणि नाणे दुसऱ्याला दाखवताना किती शार्पनेस प्रामाणिक म्हणावा?

---

भिंगवाला | रविवार, रात्री १०.२५

काका, प्रश्न फार मोलाचा आहे, कारण ‘शार्पनेस’ या एकाच शब्दात आपण निरनिराळ्या गोष्टी कोंबतो. फोकस नेमका बसणे ही एक गोष्ट झाली. लेन्सने किती बारीक तपशील वेगळा करून दाखवला, ही दुसरी. आणि दोन छटांच्या सीमेवर किती उठाव दिसतो, ही तिसरी. आपली नजर या तिसऱ्या गोष्टीलाच भुलते आणि संगणकावरची शार्पनेसची पट्टीसुद्धा फक्त तिसरीच गोष्ट वाढवते. कडेची गडद बाजू ती थोडी अधिक गडद करते, उजळ बाजू अधिक उजळ करते. जो तपशील कॅमेऱ्याने टिपलाच नाही, तो या पट्टीने परत येत नाही.

या क्रियेला ‘अनशार्प मास्क’ म्हणतात, आणि शार्प करणाऱ्या साधनाच्या नावात ‘अनशार्प’ का, याचे पुष्कळांना नवल वाटते. फिल्मच्या काळात डार्करूममध्ये निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली एक पॉझिटिव्ह प्रत बनवत आणि ती मूळ निगेटिव्हला जोडून त्यातून छापत. धूसर प्रतीमुळे कडा उठून दिसत. संगणक आज तेच गणिताने करतो.

आपला डोळासुद्धा कडेवर असाच उठाव स्वतःहून देतो. अर्न्स्ट माख यांनी १८६५ साली दाखवले की गडद आणि उजळ पट्टे एकमेकांना भिडतात तिथे प्रत्यक्षात नसलेली एक अधिक गडद आणि एक अधिक उजळ रेघ आपल्याला दिसते. संगणक याच सवयीला खतपाणी घालतो, म्हणून असे चित्र पाहताक्षणी ‘वा’ असे तोंडून निघते.

तुमच्या चौथ्या टिंबाबद्दल माझा अंदाज सांगतो. नाण्यावर एखादा काळा डाग किंवा खळगा असेल, तर शार्पनेस वाढवल्यावर त्याच्याभोवती उजळ कडे तयार होते. काळा ठिपका आणि भोवती उजळ कडे, हे चित्र आपल्या नजरेला उंचवटा म्हणून वाचता येते. मूळ, हात न लावलेले छायाचित्र असेल तर कृपया पाहा.

---

धरमपेठी | रविवार, रात्री १०.५०

मूळ छायाचित्र म्हणजे नेमके कोणते, हाच आता प्रश्न झाला आहे. मोबाइल आपल्याला न विचारता एका क्षणात अनेक चित्रे घेतो, त्यांची सरमिसळ करतो, शार्पनेस देतो आणि मगच आपल्यासमोर ठेवतो.

---

इतवारी_सराफा | सोमवार, सकाळी ८.१५

आमचे घराणे तीन पिढ्या चांदीच्या व्यवहारात आहे, म्हणून वेगळ्या बाजूने सांगतो. हा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा. रुपयाचे वजन आणि तोळ्याचे वजन एकच, त्यामुळे जुन्या दुकानांत रुपयाच वजन म्हणून तराजूत टाकत. चांदी बारा भागांत अकरा भाग, म्हणजे शेकडा ९१.७. आम्ही नाणे आधी तळव्यावर घेतो, मग वजन करतो, कड फिरवून पाहतो, आणि शंका राहिलीच तर पाण्यात तोलून घनता काढतो. ती १०.३च्या आसपास आली पाहिजे. पांढऱ्या धातूची नक्कल ९च्या आतच अडकते.

छायाचित्रातून यांतले काहीच कळत नाही. ओतीव नकलेची अक्षरे मुळात बोथट असतात आणि पृष्ठावर बारीक बुडबुड्यांच्या खुणा असतात. छायाचित्र धूसर असेल तर लोक बोथटपणाचा दोष फोकसवर ढकलतात आणि नक्कल सुटून जाते. म्हणून माझे मत असे की रेखीव छायाचित्राने फसणारे थोडे, धूसर छायाचित्राने फसणारे अधिक. महालच्या काकाजींनी शार्पनेसला दोष देण्याची घाई करू नये.

---

चित्तवेध | सोमवार, दुपारी १.३०

मी मानसशास्त्र शिकवते. काकांच्या पहिल्या प्रश्नावर या विषयात बरेच काम झालेले आहे, त्यातले दोन धागे इथे थेट लागू पडतात.

एखादी गोष्ट पाहायला, वाचायला, ओळखायला जितके कमी श्रम पडतात, तितकी ती आपल्याला अधिक आवडते आणि अधिक विश्वासार्ह वाटते. रोल्फ रेबर, पिओटर विंकीलमन आणि नॉर्बर्ट श्वार्झ यांनी १९९८ मध्ये दाखवले की पार्श्वभूमीपासून ठळकपणे सुटून दिसणारे चित्र लोकांना जास्त सुंदर वाटते. पुढच्याच वर्षी रेबर आणि श्वार्झ यांनी ‘अमुक शहर तमुक देशात आहे’ अशा स्वरूपाची विधाने पडद्यावर कधी सहज वाचता येतील अशा रंगात, तर कधी फिकट रंगात दाखवली. सहज वाचता येणारी विधाने खरी असल्याचे लोकांनी अधिक वेळा सांगितले. विधान खरे की खोटे याचा अक्षरांच्या रंगाशी काहीही संबंध नव्हता. वाचण्यातली सुलभता मनाने खरेपणाच्या खात्यात जमा करून टाकली.

काकांच्या बैठकीत हेच झाले. राणीचे केस सहज वाचता आले, आणि ती सहजता मित्रांनी नाण्याच्या खात्यावर जमा केली. छायाचित्राचा गुण वस्तूला चिकटला. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच नोंदवले होते की एखाद्या माणसाचा एक गुण नजरेत भरला की त्याचे इतर गुणही आपण चढे मोजू लागतो. सैन्यातील अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांचे बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व असे निरनिराळे गुण नोंदवत असत. ते गुण एकमेकांशी जितके जुळायला हवेत, त्याहून फार जास्त जुळत होते.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. जाणकार असणे हे या परिणामापासून पूर्ण संरक्षण नव्हे, हे त्या सहा मित्रांनी आपल्याला दाखवून दिले. त्यांनी हजारो रुपये हाताळले असतील, पण त्यांच्यासमोर हाताळायला नाणे नव्हते.

---

शिवराई_संग्राहक | सोमवार, रात्री ९.०५

इथे आतापर्यंत सगळे चांदीच्या रुपयावर बोलत आहेत, आणि चांदीवर जे खरे आहे ते तांब्यावर उलटे पडते, हे माझे म्हणणे नोंदवतो.

माझ्याकडे प्रामुख्याने शिवराई आहेत. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती बारीक ठिपक्यांचे वर्तुळ. ही नाणी हातोड्याने ठोकलेली आहेत, ठसा तबकडीपेक्षा मोठा असे, त्यामुळे एखादे अक्षर बाहेर जाणे हे नेहमीचेच. तांब्याला तीनशे वर्षांत माती लागते, गंज खातो, वर हिरवा-तपकिरी थर चढतो. हातात घेतले तर तो थर डोळ्यांना निववतो, आणि अंगठा फिरवला तर अक्षरे बोटाला लागतात. याच नाण्याचे मॅक्रो लेन्सने काढलेले, कडक शार्प केलेले छायाचित्र मी टाकले तेव्हा पहिली प्रतिक्रिया आली, ‘याला रोग झाला आहे का?’ प्रत्येक खळगा विहिरीसारखा दिसत होता आणि अक्षरे खळग्यांच्या गर्दीत हरवली होती. तेच छायाचित्र मी आकाराने लहान करून, शार्पनेस न देता पुन्हा टाकले. या वेळी लोकांनी अक्षरे वाचली.

चित्तवेध ताईंचे म्हणणे मला मान्य आहे, पण त्यात एक भर घालतो. रेखीवपणा वाचायला मदत करतो तोवरच तो आवडतो. जिथे वाचण्याजोगी वस्तू अक्षर आहे आणि रेखीव होतो तो खळगा, तिथे पाहणारा नाण्याला खालची प्रत देतो. सराफा भाऊंनी धूसरतेला सरसकट दोषी धरले, ते मला पटत नाही.

---

इतवारी_सराफा | सोमवार, रात्री ९.४०

शिवराईबाबत माझा अनुभव कमी आहे आणि आपण म्हणता ते पटण्यासारखे आहे. चांदीच्या रुपयाबाबत माझे मत कायम ठेवतो.

---

प्रकाशयात्री | मंगळवार, सकाळी ७.२०

मी व्यवसायाने छायाचित्रकार आहे आणि गेली काही वर्षे नागपुरातील संग्राहकांची नाणी टिपतो. इथली चर्चा वाचताना सतत वाटत राहिले की ज्याला आपण शार्पनेस म्हणतो आहोत, त्यातले निम्मे श्रेय उजेडाचे आहे.

आधी फोकसबद्दल. हा रुपया साधारण साडेतीस मिलिमीटरचा आहे. त्याला छायाचित्राच्या चौकटीत भरून घ्यायचे तर लेन्स इतकी जवळ जाते की फोकसची खोली, म्हणजे एकाच वेळी रेखीव येणारी उंची, जेमतेम मिलिमीटरभर उरते. नाणे फक्त दोन अंश तिरपे असले, तरी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उंचीत एक मिलिमीटरचा फरक पडतो. मग राणीचा मुकुट रेखीव आणि उजवीकडची अक्षरे मऊ असे चित्र येते, आणि पाहणारा म्हणतो की ठोकताना उजवी बाजू कमी उठली आहे. यावर सोपा उपाय आहे. कॅमेरा स्टँडवर उलटा टांगा, नाण्याच्या जागी एक लहान सपाट आरसा ठेवा आणि कॅमेऱ्यातून पाहा. लेन्सला स्वतःचेच प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मधोमध दिसले, की कॅमेरा आणि नाण्याची पातळी समांतर झाली. हे करायला दोन मिनिटे लागतात आणि त्यापुढचा बराच त्रास वाचतो.

खोली वाढवण्यासाठी पुष्कळ जण अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ/२२ पर्यंत बंद करतात (आकडा मोठा तितके छिद्र लहान). इतक्या जवळून टिपताना परिणामकारक आकडा आणखी चढतो, प्रकाश बारीक छिद्राशी पसरतो आणि सगळेच चित्र सारखे मऊ होते. एफ/५.६ ते एफ/८ या टापूत राहावे. त्याहून खोली हवी असेल तर फोकस थोडाथोडा सरकवत अनेक छायाचित्रे घ्यावीत आणि ती संगणकावर जुळवावीत.

आता उजेड. आपल्याकडे मे महिन्यात अकरा वाजता खिडकीतून येणारे ऊन म्हणजे एकच टोकदार दिवा. त्यात राणीच्या गालावरचा प्रत्येक ओरखडा चकाकतो आणि चांगले नाणेही घासलेले वाटते. त्याच खिडकीवर ट्रेसिंग पेपर लावला तर ओरखडे गायब होतात, आणि खराब नाणेही देखणे दिसते. फोकस दोन्हींत सारखाच असतो. टांकसाळीत ठोकताना धातू केंद्राकडून कडेकडे वाहतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेषा राहतात आणि नाणे कलते केले की उजेड त्यांवरून चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. तीच खरी लकाकी. ट्रेसिंग पेपरच्या मऊ उजेडात ती मरते आणि मग लकाकी असलेले व पॉलिश केलेले नाणे यांत फरक कळेनासा होतो. मी स्वतः साध्या काचेचा तुकडा लेन्स आणि नाणे यांच्या मध्ये पंचेचाळीस अंशांत धरतो आणि बाजूचा दिवा तिच्यावर पाडतो, म्हणजे उजेड सरळ वरून उतरतो. रंगाची छटा त्यात उत्तम येते. झीज मात्र तिरप्या उजेडातच दिसते, म्हणून मी ग्राहकांना नेहमी दोन छायाचित्रे देतो.

काकांना विनंती आहे की चौथ्या टिंबाचा शोध संगणकावर घेण्यापूर्वी दिवा फिरवून घ्यावा. उंचवट्याची सावली दिव्यासोबत फिरते. डागाला सावली नसते.

---

सक्करदरा_संग्रह | मंगळवार, सकाळी १०.१०

प्रकाशयात्रींनी लिहिलेले वाक्य ‘ट्रेसिंग पेपर लावला तर ओरखडे गायब होतात’ वाचून माझी जुनी जखम ताजी झाली. दोन वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून पंचम जॉर्जचा रुपया छायाचित्रावरून मागवला. छायाचित्र मऊ, उजेड दुधासारखा, नाणे चंद्रासारखे. पाकीट उघडले आणि दिव्याखाली कलते केले, तर पृष्ठभर एकाच दिशेने गेलेले बारीक केसासारखे ओरखडे. कोणीतरी ते नाणे कापडाने व पावडरीने घासून चमकवले होते. विक्रेत्याचे म्हणणे होते की छायाचित्रात काहीही बदल केलेला नाही, आणि माझ्या मते ते खरेही असावे. बदल न करताही एवढे लपते.

तेव्हापासून मी विकत घेण्यापूर्वी एकच गोष्ट मागतो : नाणे बोटांत धरून दिव्याखाली हळूहळू कलते करताना काढलेली दहा सेकंदांची चित्रफीत.

---

गोकुळपेठ_वाचनकट्टा | मंगळवार, रात्री ८.३०

थोडे विषयाच्या कडेने लिहिते. पाहणाऱ्याने अस्पष्ट तपशील स्वतःच्या मनाने भरून घेतल्याचे आपल्या नाण्यांच्या इतिहासातले सर्वांत गाजलेले उदाहरण १९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया आहे. राजाच्या अंगरख्यावर एक चिमुकला हत्ती कोरलेला होता. तो इतका लहान आणि त्याची सोंड इतकी आखूड होती की लोकांना तो डुक्कर वाटला. ते नाणे ‘डुकराचा रुपया’ म्हणून बदनाम झाले, धार्मिक भावना दुखावल्या आणि १९१२ पासून हत्तीचे रूप स्पष्ट करून नवा ठसा वापरावा लागला. तिथे ना कॅमेरा होता, ना संगणक. नाणे हातातच होते आणि तरीही नजरेने निकाल दिला.

म्हणजे सराफा भाऊ म्हणतात तसे हातात घेतल्यावर सगळेच सुटते, असेही नाही.

---

भिंगवाला | मंगळवार, रात्री ९.००

फार समर्पक उदाहरण दिलेत. यात आकाराचाही मुद्दा आहे, आणि तो अजून कुणी मांडलेला नाही. साडेतीस मिलिमीटरचा रुपया लॅपटॉपवर तीस सेंटिमीटरचा होऊन दिसतो, म्हणजे दहापट. प्रत ठरवताना आपण नुसत्या डोळ्यांनी किंवा पाचपट-सातपट भिंगाने पाहतो. नाण्याची प्रत अंकांत सांगणारी शेल्डन यांची १ ते ७० ची मोजणी १९४९ साली आली, तीही नाणे हातात धरून पाहणाऱ्यांसाठी. दहापट मोठ्या चित्रावर तीच फूटपट्टी लावली तर जवळजवळ प्रत्येक नाणे खालच्या प्रतीचे ठरते. शिवराई_संग्राहकांनी छायाचित्र लहान केल्यावर अक्षरे वाचता आली, त्याचे कारण मला हेच दिसते.

---

अजबबंगला_प्रेमी | बुधवार, सकाळी ६.५५

छायाचित्रावरून नाण्याचा अभ्यास करणाऱ्यांची ही अडचण फार जुनी आहे आणि त्यांनी शोधलेला मार्ग आज विस्मरणात गेला आहे, म्हणून लिहितो.

जुन्या सूचिग्रंथांतील चित्रपट्टे पाहिले तर सगळी नाणी एकसारखी, पांढुरकी, डागविरहित दिसतात. त्यातली पुष्कळशी छायाचित्रे नाण्यांची नसून प्लॅस्टरच्या साच्यांची आहेत. नाण्याचा ठसा घ्यायचा, त्यात प्लॅस्टर ओतायचे आणि त्या पांढऱ्या प्रतिकृतीचे तिरप्या उजेडात छायाचित्र काढायचे. चांदीची चकाकी, तांब्याचा काळेपणा, डाग हे सगळे गळून पडायचे आणि उरायचे ते फक्त उंचसखल रूप. अभ्यासकाला ठसा ओळखायचा असे, त्यामुळे रंग आणि लकाकी त्याने जाणूनबुजून सोडून दिली. ते चित्र नाण्यासारखे दिसत नव्हते, पण त्याच्या कामासाठी ते खरे होते.

आपल्या विदर्भात १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्याचा अभ्यास आपल्या नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केला. पोटीन म्हणजे तांबे, कथील व शिसे यांचे हिणकस मिश्रण. ही नाणी लहान, काळपट, त्यांवर एका बाजूला हत्ती आणि काठाने राजाचे नाव, तेही बहुधा अर्धेच उमटलेले. एका नाण्यावर नावाचा सुरुवातीचा भाग, दुसऱ्यावर शेवटचा, असे तुकडे जुळवून राजांची नावे वाचावी लागतात. अशा वाचनात एक अक्षर चुकले तर वंशावळीत एक राजा वाढतो किंवा कमी होतो. काकांच्या चौथ्या टिंबाने एक फेरी वाया गेली. अक्षराच्या बाबतीत अशी चूक छापली गेली तर ती पुढच्या पुस्तकांत उतरत राहते, आणि म्हणून हा धागा मला फार गरजेचा वाटतो.

लहानपणी वडिलांबरोबर अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, जायचो तेव्हा काचेमागच्या नाण्यांवर नाक टेकवून अक्षरे शोधायचो. काचेवर माझाच श्वास धरायचा आणि अक्षर दिसेनासे व्हायचे. १८६३ पासूनचे हे संग्रहालय आहे, तिथली नाणी चांगल्या छायाचित्रांतून घरबसल्या पाहता यावीत अशी मनापासून इच्छा आहे.

---

चित्तवेध | बुधवार, दुपारी २.००

प्लॅस्टरच्या साच्यांची माहिती वाचून आनंद झाला. ‘कोणत्या कामासाठी खरे’ हा प्रश्न त्या अभ्यासकांनी आधी विचारला आणि मग कॅमेरा लावला. आपण बहुधा हा क्रम उलटा करतो.

काकांना एक सुचवते. पुढच्या बैठकीत छायाचित्रे दाखवताना प्रत विचारू नका. त्याआधी प्रत्येकाला कागदावर लिहायला सांगा की या छायाचित्रातून काय ठरवता येत नाही. मग प्रत विचारा. आपल्या निर्णयात छायाचित्राचा वाटा किती, याकडे लक्ष वेधले की त्याचा प्रभाव बराच ओसरतो, असे या विषयातले अनेक प्रयोग सांगतात.

---

महाल_निवासी (धागाकर्ता) | पुढचा रविवार, रात्री ९.१५

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आठवडाभर मी याच एका कामाला लागलो होतो.

आधी टिंबाचे सांगतो. भिंगवाला भाऊंचा अंदाज बरोबर निघाला आणि तो पक्का करण्याची रीत प्रकाशयात्रींनी दिली. शनिवारी रात्री खोलीतले सगळे दिवे मालवले, आरसा ठेवून कॅमेरा समांतर केला आणि एकच लहान दिवा नाण्याभोवती घड्याळाच्या काट्यासारखा फिरवला. बारा वाजताच्या जागी, तीनच्या, सहाच्या आणि नऊच्या जागी अशी चार छायाचित्रे घेतली आणि एकालाही शार्पनेस दिला नाही. सालाखालच्या तीन टिंबांची सावली दिव्यासोबत चहूबाजूंनी फिरली. दिवा वर असताना सावली टिंबाच्या खाली, दिवा डावीकडे आल्यावर सावली उजवीकडे. तिसऱ्या टिंबाशेजारी जिथे चौथे मोजले गेले होते, तिथे सुईच्या टोकाएवढा एक काळा ठिपका होता. तो चारही छायाचित्रांत जागच्या जागी तसाच काळा राहिला. मग गेल्या महिन्यातले मूळ छायाचित्र उघडून शार्पनेसची पट्टी हळूहळू पुढे सरकवली. अर्ध्यावर आल्यावर त्या ठिपक्याभोवती पांढरे कडे उमटले, आणि ते इतर तिघांच्या रांगेत जाऊन बसले. माझ्याच डोळ्यांसमोर तिनाचे चार झाले.

ही पाचही छायाचित्रे मी अमरावतीच्या गृहस्थांना दुपारी पाठवली आणि झाले ते सविस्तर लिहिले. त्यांचा फोन आला. त्यांच्या संग्रहात चार टिंबांचा म्हणून ठेवलेला एक रुपया आहे, तोही छायाचित्रावरूनच घेतलेला, आणि आज रात्री ते त्याच्याभोवती दिवा फिरवणार आहेत.

आजच्या बैठकीत ताईंनी सांगितले तसे केले. या वेळी नाणे वेगळे होते, भोसलेकालीन नागपुरी रुपया, ज्यावर मोगल बादशहा अहमदशाहाचे नाव आहे. आधी सर्वांनी ‘काय ठरवता येत नाही’ ते लिहिले. वजन, कड, लकाकी आणि पृष्ठ घासले आहे का, हे चार शब्द जवळजवळ प्रत्येकाच्या कागदावर होते. त्यानंतर दोन छायाचित्रांना दिलेल्या प्रतींत फरक पडला, पण गेल्या वेळेइतका नाही. दोघांनी तर प्रत लिहिण्यास नकार दिला आणि नाणे मागितले.

माझ्यापुरते मी असे ठरवले आहे की यापुढे नाणे दाखवताना एक छायाचित्र तिरप्या उजेडातले आणि एक सरळ वरच्या उजेडातले देईन, सोबत वजन लिहीन आणि शार्पनेस दिला असेल तर तसे स्पष्ट सांगेन. आकार लहान करताना गेलेला रेखीवपणा भरून काढण्यापुरता हलका हात मी वापरणार आहे, कारण तेवढे न केले तर नाण्यावर उलटा अन्याय होतो. तांब्याच्या नाण्यांबाबत शिवराई_संग्राहकांचे ऐकून तेवढेही करणार नाही.

---

इतवारी_सराफा | पुढचा रविवार, रात्री ९.५०

काकाजी, त्या काळ्या ठिपक्याला टोकरू नका आणि नाणे चिंचेने किंवा पावडरीने घासू नका, एवढी विनंती आहे. चांदीचा असा डाग काढताना खालचे मूळ पृष्ठ निघून येते. तो तिथेच राहू द्यावा.

---

शिवराई_संग्राहक | पुढचा रविवार, रात्री १०.०५

चारही दिशांच्या उजेडातली ती छायाचित्रे कृपया याच धाग्यात मोठ्या आकारात टाकावीत. माझ्याकडच्या एका शिवराईवर ‘छत्र’ या अक्षराशेजारी एक ठिपका आहे, तो ठोकलेला की गंजाचा, यावर मी गेली सहा वर्षे अडून बसलो आहे. दिवा आणून ठेवला आहे.